ट्रेलरचा उजवा पाय

ट्रेलरचा उजवा पाय मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मोडला. तेव्हा तिथे चार माणसं हजर होती आणि त्यांतल्या एकानेही कोणाला दोष दिला नाही. थोरलीला पुढे वाटत राहिलं, की खरी गडबड तिथेच होती. चार माणसं, डोळ्यांदेखत मोडलेली वस्तू, आणि "हे तुझ्यामुळे झालं" म्हणायला कोणी नाही, हे काही सुखी कुटुंबाचं लक्षण नव्हे. तह करून बसलेल्या दोन सैन्यांचं ते लक्षण आहे.

तह खरोखरच झालेला होता. थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी. थोरलीचा नवरा जमीन मोजण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला. दाढीसुद्धा मोजून करतो असं लोक म्हणत. पाठीमागे त्याला सगळे मिलिमीटर म्हणत आणि तोंडावर भाऊजी. धाकटीचा नवरा पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याच्या शेडमध्ये मोजपट्टी होती, पण ती पाठ खाजवायला. सगळा कारभार डोळ्याच्या अंदाजावर, म्हणून तो अंदाजपंत, आणि रोज एवढं लांब कोण म्हणणार, म्हणून नुसता पंत. या दोन साडूंना एकमेकांबद्दल आदर होता. फक्त दोघे एका खोलीत असले की तो टिकत नसे.

दहा वर्षांपूर्वी धाकटीच्या स्वयंपाकघरात एक फळी बसवायची होती. पंताने डोळा बारीक करून भिंतीवर रेघ मारली. मिलिमीटरने पट्टी लावली आणि रेघ अर्धा सेंटिमीटर कललेली आहे हे सिद्ध केलं. पंत म्हणाला, रेघ सरळ आहे, भिंतच कललेली आहे. मग मिलिमीटरने भिंत मोजली. फळी जमिनीवरच राहिली आणि दोघांचं बोलणं आठ महिने बंद पडलं. शेवटी कंटाळून दोघी बहिणींनी नियम केला: एकाच्या कामात दुसऱ्याला चूक दिसली, तर बोलून दाखवायची नाही. ज्याला दिसेल त्याने गुपचूप सुधारावी आणि आपल्या कामाला लागावं. नियम लागू पडला. नऊ वर्षं दोन्ही घरांत आवाज चढला नाही. थोरलीला त्या नियमाचा थोडा अभिमानच होता, कारण तो तिनेच शब्दांत बसवलेला होता.

ट्रेलर दोन्ही घरांचा सामाईक, चार वर्षांपूर्वी घेतलेला, पंताच्या अंगणात उभा. आत एक पलंग, एक टेबल, दोन बाकं, शेगडी, मोरी आणि एवढंसं कपाट. ही सगळी बिऱ्हाडाची पेटी मागच्या चार चाकांवर उभी, आणि नाक पंताच्या पिकअपच्या हौद्यात टेकवलेलं. हौद्यात एक जाड गोल तबकडी असते, तिला पाचवं चाक म्हणतात. ते चाक नाही आणि फिरतही नाही. ट्रेलरच्या नाकाखालचा पोलादी खुंट त्या तबकडीच्या जबड्यात अडकला, की ट्रेलर निमूट मागे येतो. पिकअप सोडवला की मात्र नाक हवेत लोंबकळणार, म्हणून पुढे दोन पाय असतात, एक डावा, एक उजवा. एकात एक सरकणाऱ्या दोन चौकोनी नळ्या आणि आत उभा लांब स्क्रू. खालच्या नळीला लांबी कमी-जास्त करायला ओळीने भोकं, त्यांत खीळ. बटण दाबलं की डाव्या पायावरची मोटर फिरते, तिचा दांडा आडवा उजव्या पायापर्यंत जातो, आणि दोन्ही पाय एकाच वेळी खाली उतरतात किंवा वर जातात.

मंगळवारी ते तसे गेले नाहीत. शनिवारी निघायचं म्हणून रंगीत तालीम चालली होती. पंत पिकअप मागे घेत होता, मिलिमीटर बटण दाबून नाक वर उचलत होता, थोरली आणि धाकटी आत भांडी कपाटात लावत होत्या. खालून कडाड असा आवाज आला, ट्रेलर उजवीकडे हातभर झुकला, आणि धाकटीच्या हातातली सगळी ताटं थोरलीच्या मांडीवर येऊन बसली. दोघी बाहेर आल्या. उजवा पाय गुडघ्यात मुडपल्यासारखा वाकला होता आणि त्याच्या वरच्या डब्यातून गिअरचे तुटलेले दात खडीवर सांडले होते. मिलिमीटर दातांकडे बघत होता. पंत वाकलेल्या नळीकडे बघत होता. दोघांनीही मोठा श्वास घेतला आणि नियमानुसार तो तसाच सोडून दिला.

"धातू थकतो कधीकधी," पंत म्हणाला.

"थकतो," मिलिमीटर म्हणाला.

थोरली मात्र मनातल्या मनात दिवस मोजत होती. तिच्या लेकीला पुढच्या गुरुवारची तारीख दिलेली होती. पहिलं मूल, तेही लेक अडतीस वर्षांची झाल्यावर, आणि तिचं गाव एक अख्खा दिवस गाडी चालवण्याइतकं लांब. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्या खोलीतल्या पलंगावर जावयाची आई कमरेचं ऑपरेशन होऊन पडलेली. थोरली एकटी बसने गेली असती, पण दोन महिने राहणार कुठे? म्हणून ट्रेलर. लेकीच्या घरामागे अंगण होतं, त्यात तो उभा करायचा, पंताने पिकअप घेऊन परत फिरायचं, आणि थोरली-मिलिमीटरने तिथे बिऱ्हाड मांडायचं, असं ठरलं होतं. लेक लहानपणापासून काही न मागणारी. पडली तरी आधी कपडे झटकायची आणि मग रडायची. त्या लेकीने परवा फोनवर दोनदा विचारलं होतं, "आई, तू नक्की येतेयस ना?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा थोरलीने त्याच रात्री पिशवी भरायला घेतली होती.

पायांची नवी जोडी मागवली तर यायला तीन आठवडे लागतील, असं दुकानदाराने फोनवर सांगितलं. तीन आठवड्यांत बाळ पालथं पडायच्या तयारीला लागेल, असं धाकटी म्हणाली. मिलिमीटरने ते लागायला तीन महिने लागतात अशी दुरुस्ती तोंडापर्यंत आणली आणि गिळली. म्हणजे आहे तोच पाय उभा करायचा. वेळ बुधवार ते शुक्रवार.

बुधवारी सकाळी चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या, दोन जॅक लावून नाक उचललं आणि खाली दोन लोखंडी घोड्या सरकवून त्यांच्यावर टेकवलं. नुसत्या जॅकवर उभ्या वजनाखाली पंत कधी जात नसे. एवढी एकच गोष्ट तो अंदाजावर सोडत नसे. मग त्याने मोडका पाय सोडवला. वरची लोखंडी पट्टी फाटली होती, ती त्याने जागेवरच वेल्डिंग करून जोडली. काम इतकं नेटकं होतं की मिलिमीटर दोनदा वाकून बघून गेला आणि दोन्ही वेळा काहीच न सुधारता परतला. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही, हे पंतालाही ठाऊक होतं. तो उगाचच शीळ घालायला लागला.

दुपारी पंत भंगारवाल्याकडे गेला आणि तस्साच एक पाय घेऊन आला. अपघातात चेचलेल्या ट्रेलरचा होता, पण नळ्या सरळ, स्क्रू शाबूत, गिअरला दात सगळे.

"फक्त एक आहे," तो थोरलीला म्हणाला, "हा डावा आहे, ताई."

"मग चालेल का?"

"डावा-उजवा म्हणजे काय, आतलं दातेरी चाक दांड्याच्या कोणत्या बाजूला बसवलंय एवढंच. काढायचं, उलट्या बाजूने घालायचं, झालं. डाव्याचा उजवा."

थोरलीने आयुष्यभर रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम केलेलं. यंत्राच्या पोटात काय आहे हे नीट कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने कागदावर दांडा काढला, दातेरी चाक काढलं, बाण काढले. चाक या बाजूने लागलं तर स्क्रू एका दिशेने फिरतो, त्या बाजूने लागलं तर उलट. पंताचं बरोबर होतं. कागद तिने घडी करून पदराआड ठेवला आणि निश्चिंत झाली.

गुरुवारी पाय बसला. बोल्ट आवळले, आडवा दांडा जोडला, वंगण भरलं. दोन्ही पाय किती बाहेर आहेत ते मिलिमीटरने मोजलं आणि एक मिलिमीटरचाही फरक नाही असं जाहीर केलं. पंत म्हणाला, डोळ्यालाही तसंच दिसतंय. सगळं खेळीमेळीत चाललं होतं. अकराला चहा, एकला जेवण, चारला पुन्हा चहा. दुपारभर थोरली शेडमध्ये लेकीसाठी दुपटी शिवत होती, आणि एकदा तिने पाहिलं की मिलिमीटर एकटाच पायापाशी बसून वरच्या डब्याचं झाकण लावतोय. थोड्या वेळाने पाहिलं तर पंत एकटाच तेच झाकण लावत होता. वंगण घालत असतील, असं म्हणून ती सुईत दोरा ओवायला लागली.

शुक्रवारी सकाळी लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी तपासलं होतं. गुरुवारपर्यंत थांबेल असं वाटत नाही म्हणाले, सोमवार-मंगळवारही होऊ शकेल. "घाई करू नका तुम्ही," लेक म्हणाली. तिचं "घाई करू नका" थोरलीला चांगलं ओळखीचं होतं. शाळेत पाय मुरगळला तेव्हाही ती शिपायाच्या फोनवरून हेच म्हणाली होती. थोरलीने फोन ठेवला आणि चहा न घेताच अंगणात आली.

नाक अजून घोड्यांवरच होतं, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर. आधी रिकामे चालवून बघायचे ठरलं. बटण थोरलीच्या हातात दिलं, कारण तिची लेक. डाव्या पायापाशी मिलिमीटर उभा राहिला, उजव्यापाशी पंत, मध्ये हात पुसत धाकटी. थोरलीने बटण दाबलं.

डावा पाय ऐटीत खाली यायला लागला. उजवा तेवढ्याच ऐटीत वर जायला लागला.

थोरलीने बोट उचललं. पुन्हा दाबलं. डावा खाली, उजवा वर. एखादा माणूस चिखलात उतरावं की नाही याचा विचार करत उभा असावा, तसा तो ट्रेलर दिसत होता.

धाकटीला हसू फुटलं. तिने तोंडावर हात धरला, तरी ते बोटांच्या फटींतून सांडत राहिलं. थोरलीला हसू आलं नाही. तिने मिलिमीटरकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. पंताकडे पाहिलं. तो आकाशाकडे बघत होता, आणि आकाशात बघण्यासारखं काहीच नव्हतं. दोघांचे कान एकाच रंगाचे झाले होते.

थोरलीला काल दुपारचं झाकण आठवलं. दोनदा लागलेलं.

"झाकण कोणी उघडलं होतं काल?" तिने विचारलं.

मिलिमीटर बूट झटकायला लागला, पंत पाना पुसायला लागला. नऊ वर्षांची सवय होती.

"मी विचारतेय म्हणून सांगा. नियम मीच केला होता, मीच मोडतेय. माझी लेक तिकडे वाट बघतेय. काल झाकण कोणी उघडलं?"

मग मिलिमीटरने घसा साफ केला आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. पंताने पाय बसवला तेव्हा चाक उलटं करायचं विसरला होता, भंगारातून आला तसाच डावा पाय उजवीकडे लागला. मिलिमीटरला ते दिसलं. बोलायचं तर नाही, म्हणून पंत चहाला गेल्यावर त्याने झाकण उघडून चाक उलट्या बाजूला बसवलं. म्हणजे बरोबर केलं. इकडे चहा पिता पिता पंताला स्वतःलाच आठवलं की आपण चाक उलटवलं नाही. चारचौघांत कबूल करण्यापेक्षा तो मागच्या दाराने गेला, झाकण उघडलं, चाक उलटवलं, झाकण लावलं. आधी ते कसं होतं हे बघायची त्याला गरज वाटली नाही. ते त्यानेच तर बसवलं होतं.

"म्हणजे बरोबर झालेलं मी पुन्हा चुकवलं," पंत म्हणाला.

"मी सांगायला हवं होतं," मिलिमीटर म्हणाला.

नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांशी बोललेलं हे सगळ्यात लांब संभाषण असावं. पण थोरलीच्या डोक्यात आता दुसरंच सुरू झालं होतं. प्रयोगशाळेत एखाद्या दिवशी आकडे विचित्र आले, की ती एका नमुन्यावर थांबत नसे. आदल्या सगळ्या नोंदी काढायची. हे झाकण दोघांनी पहिल्यांदाच उघडलं असेल कशावरून? आणि मुळात चार वर्षांचा धडधाकट पाय एकाएकी थकलाच का? डावा कसा थकला नाही?

"आता सगळंच सांगा," ती म्हणाली. "या ट्रेलरचं कोणी काय काय गुपचूप सुधारलंय? चार वर्षांतलं."

पंताने डोकं खाजवलं. मग फावडं आणलं आणि ट्रेलरच्या उजव्या अंगाची खडी बाजूला केली. खाली पायाच्या जागेपासून चाकांपर्यंत जाड लाकडी तुळई पुरलेली होती. अंगणाला पाणी वाहून जायला उजवीकडे उतार दिलेला आहे. ट्रेलर तिकडे कलणार हे त्याला आल्या दिवशीच दिसलं. पण जागेची मोजणी भाऊजींनी केलेली, ती चुकली असं कसं म्हणायचं? म्हणून एका रविवारी त्याने पाच सेंटिमीटरची तुळई पुरली आणि वर खडी पसरली.

मिलिमीटरने वाकून त्या तुळईला पट्टी लावली. मोजणी त्याची चुकलेली नव्हतीच. उतार त्यालाही सापडला होता, बरोबर पाच सेंटिमीटर. पण पंताच्या अंगणाला नावं कशी ठेवायची? म्हणून तो दर वेळी उजव्या पायाची खालची नळी एक भोक जास्त लांब सोडून खीळ घालायचा, आणि उजव्या चाकांखाली पाच सेंटिमीटरची फळी सरकवायचा. खडीच्या रंगाची फळी मुद्दाम निवडली होती.

"पाच आणि पाच दहा," थोरली म्हणाली. "उतार मात्र पाचाचाच. म्हणजे चार वर्षं ट्रेलर डावीकडे कललेला होता. आणि पुढचं सगळं वजन एकट्या उजव्या पायावर. डावा नुसता पाहुण्यासारखा टेकलेला."

"पण मी आत टेबलावर लेव्हलची पट्टी ठेवून बघायचो," मिलिमीटर म्हणाला. "दर वेळी बुडबुडा बरोब्बर मध्ये असायचा."

त्याच्या आवाजात पहिल्यांदाच गोंधळ होता. धाकटीचं हसणं एकदम थांबलं आणि ती थोरलीकडे बघायला लागली.

टेबलाच्या डाव्या पायांखाली रबराचे दोन तुकडे होते. ते तिने स्वतःच्या हाताने घातले होते, पहिल्याच आठवड्यात, पेला घसरतोय म्हणून. कोणाला सांगायचं म्हणजे कोणाची तरी चूक काढायची, म्हणून सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात धाकटीने शेगडीच्या डाव्या बाजूला फरशीचा तुकडा सारला होता, कारण तव्यावरचं अंडं डावीकडे पळायचं. पलंगाखाली जुन्या वह्या होत्या. त्या कोणी घातल्या यावर दोघींचं एकमत झालं नाही.

म्हणजे जे टेबल तिने ठोकून-ठाकून सरळ केलं होतं, त्याच टेबलावर पट्टी ठेवून तिचा नवरा ट्रेलर सरळ आहे म्हणून सही करत होता.

मिलिमीटरने खिशातून आपली वही काढली. चार वर्षांत ट्रेलर अकरा ठिकाणी मुक्कामाला गेला होता आणि प्रत्येक जागेची त्याने नोंद ठेवली होती. त्याने एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि वही गुपचूप थोरलीच्या हातात दिली. अकरा ठिकाणं, आणि अकराही नोंदी एकच: जमीन उजवीकडे उतरती.

"तळ्याकाठी तर तुम्ही त्या राखणदाराशी वाद घातला होता," धाकटी म्हणाली. "तो बिचारा सांगत होता, इथे गोटी ठेवली तर हलत नाही म्हणून."

थोरली वही बघत राहिली. तीस वर्षं तिने नव्या पोरींना एकच गोष्ट शिकवली होती. सगळ्या नमुन्यांत एकच दोष दिसला, तर नमुन्यांना सोडा आणि आधी यंत्र तपासा. आणि इथे अख्ख्या जगाची जमीन उजवीकडे उतरती आहे असं चार वर्षं वहीत लिहिलं जात होतं, तेव्हा ती त्याच टेबलावर बसून चहा पीत होती.

आता मात्र तिला हसू आलं. आधी थोडं आलं, मग आवरेना. तिचं बघून धाकटीचं पुन्हा सुरू झालं. पंताने फावड्याचा दांडा हनुवटीखाली धरला आणि खांदे गदगदवत उभा राहिला. मिलिमीटर हसायला जरा उशीर लावतो, तेवढा त्याने लावला.

मग काम भराभर झालं. पंताने झाकण उघडलं, मिलिमीटरने शेजारी बसून मोठ्याने सांगितलं, दात कोणत्या बाजूला हवेत. चाक उलटलं. "बघ रे नीट," मिलिमीटर म्हणाला. "बघतोय, भाऊजी. तुम्हीही बघा," पंत म्हणाला. थोरलीने पदराआडचा कागद काढून बाण ताडून पाहिले. बटण दाबलं. दोन्ही पाय एकाच चालीने खाली आले, एकाच वेळी थांबले.

चाकं जॅकने उचलून तुळई उपटून काढली. उजव्या चाकांखाली एकच फळी ठेवली, खीळ मूळ भोकातच राहू दिली, उजव्या पायाखाली एकच ठोकळा सगळ्यांच्या देखत ठेवला आणि त्याच्या जाडीचा आकडा मिलिमीटरने चौघांना ऐकू जाईल असा वाचला. घोड्या काढल्या, नाक दोन्ही पायांवर उतरवलं. या वेळी पट्टी टेबलावर ठेवली नाही, ट्रेलरच्या जमिनीवर ठेवली. बुडबुडा मध्ये येऊन थांबला.

आणि आत शिरल्यावर सगळं ट्रेलरभर उजवीकडे कललेलं. टेबल कललेलं, शेगडी कललेली, पलंग कललेला. कपाटाचं दार, जे चार वर्षं बंद राहावं म्हणून धाकटीने बिजागरीत कागद खुपसला होता, ते आता आपोआप उघडून आल्या-गेल्याला नमस्कार करत होतं. ट्रेलर पहिल्यांदा सरळ उभा होता आणि पहिल्यांदाच तो वाकडा आहे असं सगळ्यांना दिसत होतं. दुपारभर चौघे ओणवे होऊन रबर, फरश्या, वह्या आणि पुठ्ठे उपसत होते. निघालेल्या मालाने एक बादली भरली. पलंगाखालून आलेल्या वह्या मिलिमीटरच्याच होत्या, त्याच्या नोकरीतल्या. त्या तिथे कशा गेल्या याचा शोध घ्यायचा नाही असं त्याने मोठ्या मनाने ठरवलं.

शनिवारी पहाट फुटताना खुंट तबकडीत खटकन बसला. पाय वर घेताना पंताने उजवीकडून ओरडून सांगितलं, "वर गेला," आणि डावीकडून मिलिमीटरने सांगितलं, "वर गेला." वाटेत दोघे पुढे बसून सतत बोलत होते. पंत वळण घ्यायच्या आधी मिलिमीटर वळण आलं म्हणून सांगायचा, मिलिमीटर नकाशा बघायच्या आधी पंत रस्ता चुकतोय म्हणून सांगायचा. मागच्या सीटवर धाकटी थोरलीच्या कानात म्हणाली, ताई, जुना नियम काही इतका वाईट नव्हता. थोरलीने मान हलवली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. लेकीने सकाळपासून फोन केला नव्हता.

संध्याकाळी पाच वाजता ट्रेलर लेकीच्या अंगणात शिरला. लेक दारातच उभी होती, एक हात कमरेवर, एक चौकटीवर. केस विस्कटलेले, पायांवर सूज. थोरली पिकअपमधून उतरून तिच्यापर्यंत पोचली तोवर लेकीने चौकट सोडून आईचा दंड धरला, आणि तो असा धरला की थोरलीला काही विचारावंच लागलं नाही.

"कधीपासून?"

"दुपारपासून," लेक म्हणाली. "वीस मिनिटांनी येतात. म्हटलं, तुम्ही रस्त्यात असाल. उगाच घाई कशाला."

"मला सांगायचं, बाळा. असं असलं की सांगायचं," थोरली म्हणाली. "आमच्याकडे आता सांगतात."

जावई आतून पिशवी घेऊन धावत आला. भला माणूस, पण आज त्याला कोणता हात कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं. बहुतेक त्यामुळेच तो आधी सगळीकडे मदत करायला लागला. पंत आणि मिलिमीटरने पाय खाली घेतले, दोन्ही बाजूंनी ओरडून सांगितलं, पट्टी ट्रेलरच्या जमिनीवर ठेवली. इथली जमीन सपाट होती. मिलिमीटरने तसं वहीत लिहिलंसुद्धा, आणि "सपाट" हा शब्द लिहिताना त्याचा हात थोडा अडखळला. पिकअप सोडवला. त्यातूनच आता दवाखान्यात जायचं होतं.

थोरली लेकीला सीटवर बसवत होती तेव्हा तिला दिसलं, की जावई ट्रेलरच्या उजव्या पायाशी वाकलाय. आजूबाजूला कोणी बघत नाही अशी खात्री करून त्याने विटेचा एक तुकडा पायाच्या तळाच्या कडेखाली बोटाने हळूच सारला. मग हात झटकून, काहीच केलं नाही अशा चेहऱ्याने पिकअपकडे आला.

थोरली त्याला हाक मारणार, तोच लेकीने तिचा हात पुन्हा घट्ट धरला. एकोणीस मिनिटं झाली होती.

"जावईबापू," थोरली म्हणाली, "आधी ती वीट काढा. मग गाडीत बसा. आणि वाटेत मला सांगा, काय कललेलं दिसलं ते."

जावई लाजून परत गेला, वीट काढली, आणि ती कुठे टाकावी ते न कळल्यामुळे हातात घेऊनच गाडीत बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत ती त्याच्या मांडीवर होती. थोरलीच्या नातीचा पहिला आवाज त्याने ऐकला तेव्हाही ती वीट त्याच्या हातातच होती, आणि ती तिथे काय करतेय हे नर्सने विचारल्यावर त्याने, पहिल्याच प्रयत्नात, सगळं खरं खरं सांगून टाकलं.